लष्करी बोली : मुंबईच्या आगबोटींवरील एक व्यवहारभाषा

इ. स. १८८२ सालीं लंडन येथें डब्ल्यू. एच. अॅलन आणि कंपनीनें एक लहानसा इंग्रजी-हिंदुस्तानी कोश प्रसिद्ध केला. त्याचें नांव 'लष्करी डिक्शनरी'. जुन्या पुस्तकांच्या राशींत हा ग्रंथ हातीं आला तर तो फौजी कवाइतीचा असावा अशी संग्राहकाची समजूत होणें साहजिक आहे; परंतु येथें लष्कर म्हणजे फौज नव्हे. युरोपीय गलबतांवर चाकरी करणाऱ्या देशी खलाश्यास इंग्रज 'लास्कर' म्हणत, व त्या लास्करांची बोली ती 'लष्करी'. मूळ फारसी 'लष्कर' शब्दापासून पोर्तुगिजांनीं 'लश्करी' असें रूप करून तें प्रथम देशी शिपायास लाविलें. पुढें शिपायाकडून तें नांव खलाश्याकडे गेलें व तेथेंच राहिलें. या कोशाच्या मुखपृष्ठावर लष्करी बोलीस 'भ्रष्ट' असें विशेषण जोडलेलें आहे. प्रस्तुत लेखांत या एका विशेषणाची तपासणी करावयाची आहे. ती करण्याचें कारण असें कीं, मुंबई बंदरांतून निघणाऱ्या मोठ्या उतारू आगबोटींवर शंभर वर्षांहून अधिक काळ हुकूम दिले गेले व पाळले गेले ते बहुतांशीं याच बोलींत. आणि ती बोलणाऱ्यांत रत्नागिरी किनाऱ्यावरील आमचे देशबांधव फार मोठ्या संख्येनें होते.

१८८२ चा कोश हा नवा ग्रंथ नव्हे. त्याचा मूळ कर्ता कॅप्टन टॉमस रोबक. हा मद्रासकडील फौजेंतला अधिकारी. प्रकृतीच्या कारणानें तो विलायतेस गेला असतां प्रसिद्ध हिंदुस्तानी कोशकार गिलख्रिस्त यास त्याच्या कोशाच्या कामीं रोबकनें साहाय्य केलें. हिंदुस्थानाकडे परततांना, म्हणजे इ. स. १८१० मध्यें, त्यानें गलबतावरच सागरी शब्दांचा व हुकुमांचा संग्रह केला, व तो १८११ सालीं कलकत्त्यास हिंदुस्तानीच्या संक्षिप्त व्याकरणासह छापिला. पुढें फोर्ट विल्यम कॉलेजांत परीक्षक म्हणून त्यानें काम केलें. त्या कॉलेजाचा इतिहासही त्यानेंच लिहिला. १८१९ सालीं तो वारला. त्याच्या सागरी कोशाची पुढें विल्यम कार्मायकेल स्मिथनें दुरुस्ती केली व शेवटीं पाद्री जॉर्ज स्मॉल यानें भर घालून १८८२ ची आवृत्ति काढिली. एखाद्या बोलीचा कोश सत्तर वर्षें पुनःपुन्हां छापला जातो याचा अर्थ तो विकत घेणारे गिऱ्हाईक होतें. हें गिऱ्हाईक विद्वानांचें नव्हे. तो कोश घेत होते ते गलबतांवरील तरुण अधिकारी. कारण त्याच्या वाचून त्यांस शीड उतरवितां येत नव्हतें.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावयाची ती ही, कीं रोबकनें हा संग्रह केला तो मुनशी समोर बसवून नव्हे. शुद्ध हिंदुस्तानीचा व्यासंग असलेल्या माणसानें मुद्दाम बाजूस ठेविलेली ही सामग्री आहे. त्यामुळें दिल्ली-लखनौच्या कानास जें अशुद्ध वाटलें असतें तें त्याच्या कोशांत टिकून राहिलें. आम्हां संशोधकांच्या दृष्टीनें त्याचे हे मोठे उपकार होत.

आतां गलबतावरील माणसांची मांडणी पाहूं. युरोपीय कप्तान व त्याचे मालीम हे वर. त्यांच्या खालीं डेकावरील सर्व देशी मंडळींचा मुख्य सारंग, सारंगाच्या हाताखालीं पहिला व दुसरा तांडेल, सुकाणू धरणारे सुकाणी, दिवे, तेल, दोर व कोठार सांभाळणारा कसब, मग खलाशी, स्वयंपाक करणारा भंडारी, आणि झाडलोट करणारा टोपस. अधिकारी हुकूम देई तो सारंगास. सारंग तो तांडेलास सांगे. तांडेल खलाश्यांकडून तामील करवी. एकट्या खलाश्यास अधिकाऱ्यानें थेट हुकूम सोडणें हें रीतीस धरून नसे. ही उतरंड ध्यानांत ठेविली पाहिजे; पुढें एका दुर्घटनेच्या विचारांत तिचें काम पडणार आहे.

या हुद्यांच्या नांवांत केवढी भूगोलयात्रा आहे पहा. 'मालीम' हा अरबी 'मुअल्लिम', म्हणजे शिकविणारा, अर्थात् वाट दाखविणारा. इंग्रजी आगबोटीवरील पहिल्या अधिकाऱ्यास 'बडा मालीम' म्हणत, तेव्हां अरबी समुद्रावरील जुन्या नौकानयनाची पदवीच त्यास बहाल केली जात होती. 'सारंग' फारसी 'सरहंग', म्हणजे तुकडीचा नायक. कोंकणांत सारंग हें आडनांव आहे; तें कोणी हरिणावरून, रागावरून किंवा विष्णूच्या धनुष्यावरून काढूं लागला तर आम्ही त्यास किनाऱ्याकडे बोट दाखवूं. 'तांडेल' हा शब्द मलबारकडून आला. मल्याळींत 'तण्डल' म्हणजे वल्हेकऱ्यांचा मुख्य. हेंही आडनांव आपल्या किनाऱ्यावर वसईपासून मालवणापर्यंत आढळतें. 'सुकाणी' अरबी 'सुक्कान', म्हणजे सुकाणू, यापासून. इंग्रजांनीं हा शब्द अशा रीतीनें लिहिला कीं त्याच्या आरंभीं त्यांच्या भाषेंतला समुद्रवाचक शब्दच दिसावा. परका शब्द आपलासा करण्याची ही रीत सर्वच लोकांत आहे, फक्त आपल्या खलाश्यानें ती केली म्हणजे तिला भ्रष्टता म्हणतात. 'नाखुदा' म्हणजे फारसींत नावेचा धनी. आगबोटींवर या शब्दाचें काम उरलें नाहीं, परंतु आमच्या कोळ्यांत तो 'नाखवा' होऊन आजही जिवंत आहे.

टोपसाची कथा निराळीच आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत 'टोपस' म्हणजे पोर्तुगीज वंशाचा, किरिस्तांव धर्माचा देशी मनुष्य. तो शिपाईगिरी करी व दुभाषाचें कामही करी. कोणी हा शब्द 'टोपी'पासून काढतात, कोणी 'दुभाषी'चें दक्षिणी रूप 'तुप्पासी' यापासून. दुसरी व्युत्पत्ति खरी धरिली तर असें झालें कीं, दोन भाषा जाणणारा म्हणून ज्यास नांव मिळालें तो आगबोटीवर मोऱ्या धुणारा होऊन बसला. शब्दांचा असा अधःपात आमच्या कागदपत्रांतही कांहीं थोडा नाहीं.

हुद्यांवरून आपण दोरशिडांकडे वळलों म्हणजे भाषा एकदम पालटते. पुढच्या डोलकाठीचें मोठें शीड तें 'तिरकट'. हा पोर्तुगीज 'त्राकेत'. त्याच्या वरचें शीड 'गावी'; हा पोर्तुगीज 'गाव्हिया'. खालीं सोडण्याचा हुकूम 'आरिया'. हा पोर्तुगीज 'आरियार' या क्रियापदापासून. खोलीस 'कमरा', पोहऱ्यास 'बालटी' किंवा आपली 'बालदी', हेही पोर्तुगीजच. हें असें कां व्हावें? हुद्दे अरबी-फारसी-मल्याळी आणि शिडें मात्र फिरंगी, ही वांटणी आकस्मिक नाहीं. आमच्या किनाऱ्यावरील जुन्या तारवांस तिरकस परबाणावरचें त्रिकोणी शीड असे. आडव्या परबाणांवर एकावर एक चौकोनी शिडें चढविण्याची युरोपीय पद्धति पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकांत आली. जी वस्तु आपल्याजवळ होती तिचें नांव आपलें राहिलें: डोल, शीड, परबाण, नाळ, नांगर. जी वस्तु नवी तिचें नांव वस्तु आणणाऱ्याचें. माणसांवर अधिकार कोणी कोणत्या नांवानें चालवावा हें मात्र पोर्तुगीज येण्यापूर्वींच अरबी समुद्रावर ठरून गेलेलें होतें, म्हणून तेथें फिरंगी शब्दास जागा मिळाली नाहीं. असा शब्दसंग्रह म्हणजे कोणाकडून काय शिकलों याची नोंदवहीच होय. तीस भ्रष्ट म्हणणें म्हणजे हिशेबाच्या वहींत निरनिराळ्या सावकारांचीं नांवें आहेत म्हणून ती खोटी ठरविण्यासारखें आहे.

'कालापत्ती' शब्द पाहण्यासारखा आहे. फळ्यांच्या सांध्यांत काथ्या-कापूस ठासून वर डांबर लावणें, व तें करणारा कारागीर, या दोहोंस गलबतावर हा शब्द होता. ऐकणारास काळी पट्टी असा बोध व्हावा, व डांबराची रेघ काळी असल्यामुळें तो खराही वाटावा. परंतु हा पोर्तुगीज 'कालाफात'. आणि पोर्तुगीज शब्दाचें मूळ अरबींत दाखवितात. म्हणजे अरबांचा शब्द पश्चिमेकडे जाऊन, आफ्रिकेस वळसा घालून, फिरंग्याच्या तोंडून पुन्हां आमच्या समुद्रांत आला, आणि येथें त्यानें देशी वेष घेतला.

उजव्या-डाव्या बाजूंचे शब्द तर याहून महत्त्वाचे. कारण अंधारांत व धुक्यांत गलबत वांचणें न वांचणें त्यांवर अवलंबून असतें. लष्करी बोलींत डावी बाजू 'डावा' व उजवी 'जमणा'. 'डावा' मराठी वाचकास सांगावयास नको. 'जमणा' गुजराती, त्या भाषेंत जमणें म्हणजे जेवणें, व जमणा हात म्हणजे ज्या हातानें जेवतात तो. आगिल व पीछल, म्हणजे गलबताची पुढील व मागील बाजू, हे हिंदुस्तानी वळणाचे. सुरत-घोघ्यापासून रत्नागिरी-राजापुरापर्यंतचे खलाशी एका डेकावर उभे राहूं लागले तेव्हां डाव्याउजव्याविषयीं घोटाळा होऊं नये म्हणून एक जोडी ठरली, व ती पुढें कलकत्त्याकडील माणसानेंही घेतली. बंगाली, मल्याळी, कोंकणी, काठेवाडी अशा कोणाही खलाश्याची ही बोली घरची नव्हती, आणि सर्वांस ती समजत होती. तिच्यांत घरगुती गोष्टी बोलण्याची सोय थोडी; हुकूम देण्याची व तो ऐकून तात्काळ हात हलविण्याची सोय पुरी. कामापुरती भाषा असावी तशी ती होती.

मराठ्यांच्या आरमाराचा येथें कांहीं संबंध पोहोंचतो काय, असा प्रश्न या पृष्ठांच्या वाचकांस पडेल. पोहोंचतो. इ. स. १६५९ मध्यें शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडीकडे जहाजें बांधावयास घेतलीं त्या कामीं रुई लैतांव व्हियेगस व दुसरे पोर्तुगीज कारागीर होते, व वसईकडील पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं त्यांस तेथून काढून नेलें, ही हकीकत पोर्तुगीज दप्तरांतून कै. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं उजेडांत आणिलेली आहे. कारागीर निघून जातात, शब्द मागें राहतात. पुढें राजव्यवहारकोशांत रघुनाथ पंडितानें फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजिले, परंतु त्याच्या दहा वर्गांत दुर्गास स्वतंत्र वर्ग आहे, आरमारास नाहीं. आज्ञापत्रांत आरमाराचें प्रकरण विस्तारानें आलें, तें चालू दर्यावर्दी शब्दांतच आलें. 'गुराब' अरबी, मूळ अर्थ कावळा. इंग्रजांनीं तोच शब्द आपल्या कागदांत घेतला, तसेंच 'गलबत' व 'शिबाड' हेही त्यांच्या लेखांत वेड्यावांकड्या रूपांनीं सांपडतात. म्हणजे समुद्रावरचा शब्दव्यवहार राज्यव्यवहारापासून बराच अलिप्त राहिला. आंग्र्यांचा तांडेल व कंपनीच्या गलबतावरील तांडेल यांच्या निष्ठा भिन्न असतील, हुकुमाचे शब्द पुष्कळसे एकच असले पाहिजेत, असें आमचें मत आहे.

शिडें गेलीं व वाफ आली, तेव्हां ही बोली मरावयास हवी होती. ती वाढली. पी. अँड ओ. कंपनीस १८४० सालीं सनद मिळाली. १८६९ मध्यें सुएझचा कालवा खुला झाला. आणि मुंबई हें टपालाच्या व उतारूंच्या आगबोटींचें मोठें ठाणें बनलें. इंजिनखात्यांत निराळा सारंग व निराळे तांडेल आले. भट्टीपुढें काम करणारा 'आगवाला', कोळसा ओढून आणणारा 'कोयलावाला', यंत्रास तेल घालणारा 'तेलवाला': हीं नांवें कोणा कोशकारानें घडविलीं नाहींत, खलाश्यांनींच घडविलीं, आणि आजचे आमचे परिभाषा-मंडळवाले यांहून सुटसुटीत शब्द क्वचितच देतात. या कंपनीच्या बोटींवर साधारण वांटणी अशी असे कीं, डेकावर रत्नागिरी किनारा व गुजरात-काठेवाडकडील लोक, इंजिनखात्यांत बहुधा पंजाब व सरहद्दीकडील, आणि सलूनांत, म्हणजे उतारूंच्या खाण्यापिण्याच्या व खोल्यांच्या व्यवस्थेस, गोव्याचे किरिस्तांव. गोमंतकीय मंडळी मुंबईस धोबीतलाव-गिरगांवाकडे आपापल्या गांवाच्या 'कुडां'त बोटीची वाट पाहत राहत. त्यांची आपसांतली भाषा कोंकणी, कोणास पोर्तुगीज येई, उतारूंशीं ते इंग्रजी बोलत. अशी ही एका बोटीवरील भाषांची मजल्यामजल्यांनीं वांटणी: वर उतारूंची इंग्रजी, सलूनांत कोंकणी, डेकावर कोंकण व काठेवाड, खालीं भट्टीपाशीं पंजाबी, आणि या सर्वांस भेदून जाणारा एक दोर, तो लष्करी बोलीचा. १९२९ सालीं चालूं झालेली 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' ही बोट मुंबईच्या फेऱ्याही करी व श्रीमंत उतारूंच्या विहारयात्रांसही जाई. नॉर्वेच्या खाड्या पाहावयास निघालेल्या इंग्रज उतारूंच्या पायांखालीं 'जमणा' व 'डावा' चालूं असे, हें त्यांच्यापैकीं किती जणांस ठाऊक होतें कोण जाणे.

पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं, १९१४ सालीं, ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारें एकावन्न हजार लास्कर होते. त्यांचें वेतन युरोपीय खलाश्याच्या वेतनाचा एक लहानसा अंश होतें, व राहण्याची जागाही कायद्यानें कमी दिलेली होती. विलायतेंतील खलाश्यांच्या संघांस ही स्पर्धा सलत असे. त्या वादांत भाषेचा मुद्दा पुढें आला: ज्यास इंग्रजी हुकूम समजत नाहीं तो संकटसमयीं जहाजास धोका होय. त्यावर १९०६ चा मर्चंट शिपिंग कायदा झाला. त्याच्या बाराव्या कलमान्वयें, आवश्यक हुकूम समजण्याइतकी इंग्रजी ज्यास येत नाहीं अशा खलाश्याची भरती करूं नये असें ठरलें. आणि त्याच कलमांत ब्रिटिश प्रजाजन, रक्षित मुलखांतील रहिवासी व लास्कर यांस त्यांतून वगळण्यांत आलें. चिनी किंवा ग्रीक खलाश्याची परीक्षा, लास्कराची नाहीं. ही सूट दयेनें दिलेली नव्हती. स्वस्त मनुष्यबळ जहाजधन्यांस हवें होतें. परंतु तिचा अर्थ कायद्याच्या भाषेंत असा होतो कीं, लास्करांच्या जहाजावर हुकुमाची भाषा इंग्रजीच असली पाहिजे असें नाहीं. शिकण्याचा भार त्यामुळें अधिकाऱ्यावर पडला. अशा जहाजांवरील तरुण मालिमांसाठीं खिशांत मावतील अशीं हिंदुस्तानीचीं पुस्तकें विसाव्या शतकांतही निघत राहिलीं. ज्या बोलीस मुखपृष्ठावर भ्रष्ट म्हटलें तिच्यावर साम्राज्याचें टपाल चालत होतें.

या व्यवस्थेंत एक मोठा दोषही होता, आणि तो झांकणें संशोधकास शोभणार नाहीं. अधिकाऱ्यास बोली अर्धवट येई. म्हणून सारंगावांचून त्याचें चालत नसे. सारंग हाच भरती करणारा, हाच दुभाषी, हाच कैफियत सांगणारा. खलाश्याचें म्हणणें कप्तानापर्यंत पोहोंचे तें सारंगाच्या तोंडूनच, किंवा पोहोंचत नसे. मुंबई-कलकत्त्याच्या भरतींतील लांचलुचपत, दस्तुरी व कर्जें यांचा विचार १९३१ च्या मजूर कमिशनच्या अहवालांत झालेला आहे. दुभाष्याची सत्ता किती असते हें पेशवाईंतील वकिलातींचे कागद वाचणारास नव्यानें सांगावयास नको. डेकावर तीच गोष्ट लहान प्रमाणावर होती.

आतां ती दुर्घटना. इ. स. १९२२ च्या मे महिन्याच्या १९ तारखेस पी. अँड ओ. ची 'इजिप्त' ही आगबोट लंडनहून मुंबईस येण्यास निघाली. उतारू अवघे चव्वेचाळीस. खलाशी, भट्टीवाले व सलूनचे नोकर मिळून त्यांच्या कित्येक पट, व त्यांत बहुसंख्य हिंदी. दहा लक्ष पौंडांहून अधिक किंमतीचें सोनेंरुपें बोटींत होतें. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं फ्रान्सच्या वायव्य टोंकाजवळ उशांच्या बेटानजीक दाट धुक्यांत 'सेन' नांवाच्या फ्रेंच आगबोटीनें तिच्या कुशींत धडक दिली. वीस मिनिटांच्या आंत 'इजिप्त' बुडाली. ऐंशीहून अधिक माणसें मेलीं. त्यांत बहुतेक बोटीवरील नोकर होते, उतारू थोडे. विलायतेंतील वर्तमानपत्रांनीं सर्व दोष लास्करांवर घातला: ते भ्याले, होड्यांकडे धांवले, हुकूम ऐकेनात. पुढें रीतसर चौकशी झाली. तींत होड्या सोडतांना गोंधळ झाल्याचें निघालें खरें. परंतु ठपका आला तो कप्तानावर व पहिल्या अधिकाऱ्यावर, कारण होड्यांची कवाईत व माणसांची नेमणूक नीट करून ठेविलेली नव्हती. आणि कप्तानाचें प्रमाणपत्र कांहीं काळ तहकूब झालें.

आमच्या मतें या प्रकरणाचें मर्म वर सांगितलेल्या उतरंडींत आहे. अधिकारी, सारंग, तांडेल, खलाशी ही सांखळी जोंवर उभी आहे तोंवर बोली पुरी पडते. धुक्यांत, कललेल्या डेकावर, कोणता सारंग कोठें आहे हें कळत नाहींसें झालें कीं अधिकाऱ्याच्या ओरडण्यास अर्थ राहत नाहीं. अशा वेळीं उपयोगी पडते ती अगोदर पाठ झालेली कवाईत. प्रत्येकास आपली होडी व आपला दोर ठाऊक असणें. ती कवाईत त्याच बोलींत देतां आली असती. साधन हातीं होतें, वापर झाला नाहीं. आणि मेलेल्यांत बोटीवरील नोकरांचीच संख्या जास्त असतां पळपुटेपणाचा आरोप लास्करांवरच व्हावा, हें चौकशीच्या निकालानंतरही लोकांच्या स्मरणांतून गेलें नाहीं. 'इजिप्त'मधील सोनें १९३२ पासून 'आर्तील्यो' या इटालियन जहाजाच्या पाणबुड्यांनीं वर काढिलें; त्यावर पुस्तकें झालीं. बुडालेल्या खलाश्यांवर झाल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

बोलीचा शेवट मात्र दुर्घटनेनें झाला नाहीं, शाळेनें झाला. १९२७ सालीं मुंबई बंदरांत 'डफरिन' हें शिक्षणाचें जहाज उभें राहिलें व हिंदी तरुण मालीम होऊं लागले. त्यांचें शिक्षण इंग्रजींत. स्वातंत्र्यानंतर हिंदी जहाजांवर अधिकारी व खलाशी एकाच देशाचे झाले, परंतु हुकुमाची भाषा इंग्रजीकडे झुकली. विमानांनीं उतारू नेले, मोठ्या आगबोटी विहारयात्रांपुरत्या उरल्या. एप्रिल १९९० मध्यें नॉर्वे व डेन्मार्क यांच्यामधील समुद्रांत 'स्कॅन्डिनेव्हियन स्टार' या उतारू बोटीस आग लागून १५९ माणसें मेलीं, तेव्हां बोटीवरील नोकरांस एकमेकांची व उतारूंची भाषा येत नव्हती हें एक कारण पुढें आलें. प्रत्येक जहाजावर कामाची एक भाषा ठरवून तिची नोंद जहाजाच्या रोजनाम्यांत करावी असा आंतरराष्ट्रीय नियम आतां आहे. आणि २००१ सालीं लंडन येथील आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें इंग्रजी हुकुमांचीं ठराविक वाक्यें मान्य केलीं. आजच्या विहारनौकेवर फिलिपिन्स, इंडोनेशिया, गोवा अशा दूरदूरच्या मुलखांतील नोकर त्या थोड्या वाक्यांवर एकत्र काम करतात. थोडे शब्द, ठराविक अर्थ, ऐकतांच हालचाल, कोणाचीही घरची भाषा नव्हे: रोबकनें १८११ सालीं छापिलें तें याच जातीचें होतें. फरक एवढाच कीं हीं नवीं वाक्यें समितीनें बसून केलीं, आणि त्यांस कोणी भ्रष्ट म्हणत नाहीं.

या विषयाकडे आम्हां इतिहाससंशोधकांचें लक्ष गेलें नाहीं, आणि एका कादंबरीकाराचें गेलें, हें कबूल केलें पाहिजे. अमिताव घोष यांनीं २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'सी ऑफ पॉपीज' या कादंबरींत रोबकच्या कोशाचा भरपूर उपयोग केला, व त्या बोलीवर स्वतंत्र निबंधही लिहिला. त्यांचा रोख कलकत्त्याकडे आहे, आणि तो त्यांच्या कथानकास योग्यच आहे. मुंबईकडील अंगाचें काम आपलें आहे.

त्या कामाचीं साधनें कोठें आहेत तें सांगून हा लेख पुरा करतों. ब्रिटिश जहाजांच्या नोकरनाम्यांचा मोठा भाग, १८६३ पासून १९३८ पर्यंतचा, आज कॅनडांतील न्यूफाउंडलंड येथील विद्यापीठाच्या सागरी इतिहास संग्रहांत आहे. जेथें लास्करांच्या याद्या टिकल्या आहेत तेथें नांव, वय व गांव मिळण्याचा संभव आहे. परंतु त्याहून जवळचें साधन घरोघर आहे. खलाश्याजवळ त्याच्या प्रत्येक सफरीची नोंद असलेला चाकरीचा दाखला असे. त्यास ते 'नली' म्हणत. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, राजापूर, विजयदुर्ग या बाजूंस जुन्या खलाश्यांच्या घरीं अशा नल्या, सारंगाचीं पत्रें, उसनवारीचे कागद पेट्यांत पडून असण्याचा संभव पुष्कळ आहे. कांहीं मोडींत, कांहीं गुजरातींत, कांहीं उर्दूंत असतील. पोथ्या व सनदा गोळा करणारे आमचे मित्र त्या घरांच्या दारावरून नेहमीं जातात. पुढच्या खेपेस त्यांनीं आंत जाऊन पेटी उघडण्याची विनंति करावी; कागदावर तारीख नसली तरी तो टाकूं नये; बोटीचें नांव असल्यास काळ ठरवितां येतो. आणि घरांत कोणी वृद्ध सारंग किंवा तांडेल असेल तर त्याजकडून शिडांचीं, दोरांचीं व हुकुमांचीं नांवें उच्चारासह लिहून घ्यावीं. 'टोपस' शब्दाचा उच्चार कोंकणी खलाशी नेमका कसा करीत, दंत्य 'त'नें कीं मूर्धन्य 'ट'नें, एवढें जरी कोणी खात्रीनें कळविलें तरी वर सांगितलेल्या दोन व्युत्पत्तींपैकीं एक बाजूस सारतां येईल.